प्रॉडक्ट डिझाइनच्या ‘स्पॉन्सर्ड सीट’चे 2,35,300 रुपये

मुलीला डिझाइनच्या कॉलेजात जागा मिळवून देतो म्हणून एका एजंटने एवढ्याला फसवलं आम्हाला. आकडा मुद्दाम वर लिहिलाय. आमच्या फोंड्यात तो एव्हाना पाच लाखांवर गेलाय, आणि तोंडावर हळहळणारेच पाठीमागे हसताहेत. हसा. पण तुमच्या घरात बारावीचं मूल असेल तर पुढचं वाचा.

मुलीला प्रॉडक्ट डिझाइनच हवं होतं. एनआयडीची, म्हणजे अहमदाबादच्या सरकारी राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, प्रिलिम्स पास झाली, मेन्सची स्टुडिओ टेस्ट दिली, निवड झाली नाही. यूसीडचा, म्हणजे आयआयटीतल्या डिझाइनच्या प्रवेश परीक्षेचा, रँकही लांबचा. त्याच दिवसांत पणजीत एका हॉटेलात भरलेल्या शिक्षण प्रदर्शनात हा एजंट भेटला. सारखं ‘वहिनी, वहिनी’. माझे दीर पोर्तुगीज पासपोर्टवर लिस्बनला आहेत हे कळलं मात्र, म्हणाला, “मग काळजी कसली? अहमदाबादला स्पॉन्सर्ड सीट काढून देतो.” खाजगी कॉलेजांत एनआरआय कोटा असतो, परदेशातल्या नातेवाइकाच्या नावावर जागा मिळते, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. मी विश्वास ठेवला तो काही हवेत नव्हे.

आधी रजिस्ट्रेशनचे 11,800, म्हणजे दहा हजार अधिक 18 टक्के जीएसटी, छापील पावतीसकट. जीएसटी लावणारा माणूस चोर असेल असं कुणाला वाटेल? मग ‘सीट ब्लॉकिंग’ 1,75,000. मग ‘स्पॉन्सर व्हेरिफिकेशन’ 48,500. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव यायचं कुठल्याशा ट्रेडर्सचं. ते नाव वाचत जा. सरकारी संस्था कुणा ट्रेडर्सच्या खात्यात फी घेत नाही.

आणि ते एनआयडीच्या नावाचं प्रवेशपत्र! लोगो, शिक्का, सही सगळं झकास. त्यावर लिहिलेलं: ‘बी. डेस., प्रॉडक्ट डिझाइन, सेमिस्टर 1’. मुलगी तिथल्या तिथे म्हणाली, “आई, एनआयडीत पहिलं वर्ष सगळ्यांना फाउंडेशन असतं. शाखा नंतर मिळते.” पोरीने दोन वर्षं त्या परीक्षेचाच ध्यास घेतलेला, तिला माहीत असणारच. मी लगेच त्याला फोन लावला. तो हसला. “वहिनी, ते जनरलवाल्यांना. स्पॉन्सर्डला शाखा आधीच लॉक होते.” लॉक! हा शब्द अजून रात्री कानात वाजतो. 48,500 तोपर्यंत गेले नव्हते, दुसऱ्या दिवशी गेले. पण विचारलं होतं ना मी? विचारून आणखी काय करायचं असतं?

मूळ गुणपत्रिकाही त्याच्याकडेच राहिली. मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका, झेरॉक्स द्या. मुलाचा लॉगिन पासवर्ड तर नाहीच. निवड झाली की नाही ते संस्थेच्या साइटवर स्वतःच्या लॉगिनने दिसतं, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पीडीएफने नव्हे.

फोन बंद झाल्यावर म्हापशाला त्याच्या ऑफिसवर गेलो. ती जागा महिन्याच्या भाड्यावर होती, रिकामी.

मग पोलिस. फोंड्यात म्हणाले, ऑफिस म्हापशाला, तिकडे जा. तिकडे म्हणाले, पैसे फोंड्याहून गेले ना, मग तिकडेच. केवढासा आमचा गोवा, त्यातही उत्तर आणि दक्षिण! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. हे मी त्यांना सांगायचं? सायबरवाले म्हणे, तुम्ही त्याला प्रत्यक्ष भेटलात, म्हणजे हे सायबर नाही. एका हवालदाराने तर सरळ विचारलं, “पयशे तुमींच दिल्ले न्हय?” होय बाबा, मीच दिले, बंदूक लावून कुणी घेतले नाहीत, म्हणून काय ती चोरी नव्हे? बँकेला एफआयआरची प्रत हवी, पोलिसांना बँकेच्या शिक्क्याचं स्टेटमेंट हवं, आणि शिक्का मारणारी बाई रजेवर. वर बँकेचं ठरलेलं वाक्य: व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलाय. लाजेपायी गप्प बसलेले आठ दिवस त्यांनी माझ्याच तोंडावर फेकले. पैसे जाताच त्याच घटकेला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, नवऱ्याला नंतर सांगा.

एनआयडीची वा आयआयटीची जागा कुणी एजंट विकू शकत नाही, मग तो दिराचा पासपोर्ट मागो की काकाचा. पोर्टफोलिओ बनवून देणारे, ‘आत ओळख आहे’ म्हणणारे त्याच रांगेतले.

शेवटी अर्ज घेतलाय, पोचपावती आहे. साहेब म्हणाले, आणखी तक्रारी आल्या तर बघू. तेव्हा ‘सेमिस्टर 1, प्रॉडक्ट डिझाइन’ लिहिलेलं असंच पत्र तुमच्या कपाटात पडलेलं असेल, तर लाज बाजूला ठेवा आणि ते घेऊन ठाण्यात जा.