अमळनेरच्या उन्हात आरएक्स ५८० : सहा महिन्यांनंतर

जानेवारीत एएमडी कंपनीचं जुनं आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड घेतलं, ८ जीबीचं, आणि लिनक्सवर लावलं. एएमडीजीपीयू हा मुक्त स्रोत ड्रायव्हर २०१५ पासून कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) असल्यामुळे वेगळं काही टाकावं लागलं नाही. खरी अडचण खोलीची. वरचा मजला, डोक्यावर पत्रे. मे महिन्यात बाहेर ४४ असलं की आत पंखाही झळा फेकतो. त्यात हे कार्ड एएमडीच्या आकड्यानुसार १८५ वॅटचं. आई दारातूनच म्हणायची, "भाऊ, ते डबडं कितलं तपी ऱ्हायनं!"

सगळ्यात जास्त फायदा झाला तो पॉवर मर्यादेचा, म्हणजे कार्ड जास्तीत जास्त किती वीज ओढेल त्या आकड्याचा. ड्रायव्हरमध्ये ती १४५ वॅट दिसत होती, कारण तो आकडा चिपचा असतो, अख्ख्या कार्डाचा नाही. मी ती ११५ वर आणली. हा आकडा ड्रायव्हरच्या सेटिंगच्या फाईलमध्ये मायक्रोवॅटमध्ये लिहायचा असतो, म्हणजे ११५ वॅटसाठी साडेअकरा कोटी. शून्यं मोजूनच एंटर दाबा. भर दुपारी गेम खेळताना तापमान ८६ वरून ७६ वर आलं आणि सेकंदाला ६० फ्रेमचे ५६-५७ झाले. भाच्याला फरक कळलासुद्धा नाही.

चिपचं व्होल्टेज कमी करणं (अंडरव्होल्ट) मात्र चिकाटीचं काम आहे. आधी बूट पॅरामीटरमध्ये (मशीन सुरू होताना कर्नलला दिलेल्या सूचनांमध्ये) फीचर मास्क हा आकडा बदलून ओव्हरड्राइव्ह, म्हणजे क्लॉक-व्होल्टेज बदलायची सोय, उघडायचं, परफॉर्मन्स लेव्हल 'मॅन्युअल' करायची, मग ड्रायव्हरच्या फाईलमध्ये एस, ७, १३४०, १०५० अशी ओळ लिहायची: चिपच्या क्लॉकची (वेगाची) ७ क्रमांकाची पायरी, १३४० मेगाहर्ट्झ, १०५० मिलिव्होल्ट. मूळ व्होल्टेज ११५० होतं. त्यानंतर त्याच फाईलमध्ये सी हे अक्षर लिहिल्याशिवाय काहीच लागू होत नाही. माझी पहिली संध्याकाळ याच सी-मुळे वाया गेली. काही बिनसलं तर आर लिहिलं की सगळं मूळपदावर येतं.

१०५० वर जानेवारी ते मार्च एकदाही अडलं नाही. एप्रिलच्या शेवटी गेम चालू असताना स्क्रीन काळी पडली आणि लॉगमध्ये 'रिंग जीएफएक्स टाइमआऊट' आलं, म्हणजे चिपने वेळेत उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी पुन्हा तेच. चिप तापली की तेच व्होल्टेज तिला अपुरं पडतं, हे मला थंडीत चाचणी घेताना सुचलं नव्हतं. १०८० केलं, तेव्हापासून शांत आहे. आपल्याकडे अंडरव्होल्ट ठरवायचं असेल तर भर वैशाखात, दुपारी दोनला ठरवा.

परफॉर्मन्सच्या 'हाय' लेव्हलच्या नादी लागू नका. नुसता डेस्कटॉप उघडा असला तरी क्लॉक वरच अडकून राहतो आणि खोली विनाकारण तापते.

आणखी एक त्रास लाईटचा. लाईट गेली, मशीन पुन्हा चालू झालं की हाताने लिहिलेलं सगळं पुसलं जातं. एकदा मी शेतावर होतो आणि भाचा तासभर मूळ सेटिंगवरच खेळत बसला. म्हणून मार्चपासून एलएसीटी हे ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगचं लिनक्स सॉफ्टवेअर वापरतोय. त्याची सेवा बूट होतानाच मर्यादा, व्होल्टेज आणि पंख्याचा कर्व्ह (किती तापमानाला किती वेग) लावते. पंखा ६० अंशांनंतर जोर धरेल असा ठेवलाय. आवाज येतो, पण कूलरच्या घरघरीत तो ऐकू येत नाही.

आता पाऊस सुरू झालाय. मर्यादा १३० केली, व्होल्टेजला हात लावलेला नाही.