सांगलीहून वासोटा, एका दिवसात: आयोजकाच्या सेवेचा अनुभव

सांगलीतून सातारा जिल्ह्यातल्या वासोटा किल्ल्याची एकदिवसीय भ्रमंती घडवणाऱ्या एका स्थानिक आयोजकाकडे आम्ही चौघांनी नोव्हेंबरअखेरीस नावे नोंदवली होती. माणशी 1800 रुपयांत बसप्रवास, नाश्ता, दुपारचे जेवण, वनविभागाची परवानगी, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातील बोट आणि वाटाड्या एवढे सगळे समाविष्ट होते. बोटीचे भाडे माणसागणिक नसून अख्ख्या बोटीमागे आकारले जाते, त्यामुळे चारच जणांनी स्वतंत्रपणे जायचे म्हटले तर एवढ्या रकमेत भागणे अवघड होते.

वासोट्याच्या नियोजनात चढाईची धास्ती बाळगण्याचे कारण नाही, कारण किल्ल्याची उंची 1171 मीटर असली तरी जलाशयाची पूर्ण भरलेली पातळीच साधारण 659 मीटर आहे, म्हणजे प्रत्यक्ष चढायचे ते पाचशे मीटरच्या आसपास आणि चालण्याची सवय असणारा माणूस ते दोन-अडीच तासांत चढतो. खरा प्रश्न घड्याळाचा आहे. साताऱ्याकडून जाणाऱ्याला जलाशयाकाठच्या बामणोली गावाहून सुमारे दीड तास बोटीने जावे लागते, तेवढाच वेळ परतताना लागतो, आणि किल्ला कोयना अभयारण्यात, म्हणजेच सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात असल्यामुळे मुक्कामाला परवानगी नसून अंधारापूर्वी जंगलाबाहेर पडावेच लागते. बामणोलीत वाया गेलेला अर्धा तास पुढे थेट किल्ल्यावरच्या वेळेतून वजा होतो. म्हणून अशा आयोजकाला गुण द्यायचे ते त्याने वेळ कसा सांभाळला यावरच.

कागदपत्रांच्या बाबतीत त्याला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. सर्वांच्या ओळखपत्रांच्या प्रती आठवडाभर आधीच मागवून नावांची यादी तयार ठेवली होती. पहाटे तीनला सांगली सोडून पेठ नाक्यावरून महामार्गाला लागलेली बस पोवई नाक्यावर साताऱ्याची मंडळी घेऊन उजाडताना यवतेश्वरचा घाट चढत होती. प्लास्टिकची वेष्टने आणि जादा बाटल्या बसमध्येच काढून ठेवायला लावल्या, आणि त्याचा उपयोग किल्ल्याच्या पायथ्याशी, मेट इंदवलीच्या तपासणी नाक्यावर दिसला. दुसऱ्या एका गटाचे लोक पिशव्या उपसून बिस्किटांचे पुडे आणि बाटल्या मोजून देत बसले होते, तर आमची नोंद थोडक्यात आटोपली.

एवढ्या तत्परतेने कमावलेला वेळ मात्र त्याआधीच बामणोलीतल्या नाश्त्यावर खर्च झाला होता. पोहे आगाऊ सांगून ठेवलेले नव्हते, आम्ही उतरल्यावर कांदे चिरायला घेतले, आणि बोट काठाला तयार उभी असताना पाऊण तास त्यात गेला. याहून गंभीर तक्रार जाहिरातीबद्दल आहे. ‘वासोटा आणि नागेश्वर’ असे त्यात ठळक छापले होते. ओढ्याकाठच्या मारुतीपासून गर्द झाडीतून चढल्यावर वाट फुटते, एक किल्ल्याकडे जाते आणि दुसरी नागेश्वरच्या गुहेकडे. या फाट्यावर पोचल्यावर म्होरक्याने ‘वेळ नाही, नागेश्वर राहू दे’ असे सहज सांगून टाकले. निर्णय योग्यच होता. पण मध्यम वेगाने चालणाऱ्या, मिश्र वयाच्या तीसेक माणसांकडून एका दिवसात दोन्ही ठिकाणे होणार नाहीत हे आयोजकाला सांगलीतच ठाऊक असणार, आणि आमच्यासोबतच्या दोन काकू केवळ गुहेतल्या शिवलिंगाच्या दर्शनासाठी आल्या होत्या.

वाटाड्याबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. तो शेवटच्या माणसामागे चालत होता, आणि मोठ्या गटात हेच महत्त्वाचे असते, कारण पुढचे लोक वाट शोधून काढतात, चुकतात ते मागे रेंगाळणारे. दगडावर थांबून दम खाणाऱ्यांना त्याने कधी घाई केली नाही. गडावर छप्पर नसलेले मारुतीचे देऊळ, पाण्याची टाकी, महादेवाचे मंदिर आणि चुन्याचा घाणा त्याने नीट दाखवला. घाण्याच्या गोल चरावर बोट ठेवून दगडी चाक कसे फिरवत असतील हे तो समजावत होता, तेव्हा एरवी मोबाइलमध्ये डोके घातलेली मुलेही खाली बसून पाहत होती. राजापूरच्या वखारीतले इंग्रज 1661 मध्ये येथे कैदेत ठेवले होते आणि 1818 मध्ये किल्ला इंग्रजांच्याच हाती गेला, हेही त्याने सांगितले.

ज्यासाठी एवढा खटाटोप करायचा तो बाबू कडा पाहायला आम्हांला जेमतेम वीस मिनिटे मिळाली. समोर जुना वासोटा हा शेजारचा डोंगर, मधे अर्धवर्तुळाकार तुटलेला काळा कातळ आणि तळाशी कोकणात उतरत गेलेली दाट रानाची दरी, तर दुसऱ्या अंगाला कोयनेचे खोरे भरून पसरलेले शिवसागराचे पाणी, असा दोन्हीकडचा मुलूख एकाच माथ्यावरून दिसतो. कड्याला कठडा नाही. तेथे आयोजकाने दोन माणसे उभी करून छायाचित्रांसाठी पुढे सरकणाऱ्यांना मागे ठेवले, हे त्याचे कौतुकास्पद काम होय. भाकरी, झुणका आणि खर्डा असे जेवण मारुतीच्या देवळापाशी झाले. चवीला उत्तम, भाकऱ्या मात्र मोजक्याच होत्या.

पावसाळ्यात हे क्षेत्र पर्यटकांसाठी बंद असते. नोव्हेंबर-डिसेंबर हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो, कारण तेव्हा पाणी भरपूर असल्याने बोट जंगलाच्या कडेजवळ लागते, तर उन्हाळ्यात पाणी मागे हटले की उघड्या गाळावरून जादा चाल पडते. याच आयोजकाबरोबर मी पुन्हा जाईन, परंतु नावे नोंदवताना नाश्ता बोटीतच पुड्यांत द्यावा अशी अट घालीन. नागेश्वरला जायचे असल्यास तेवढ्यासाठी वेगळा दिवस काढावा, आणि आयोजकाने ते नाव या सहलीच्या जाहिरातीतून काढून टाकावे.