ओसीआरई : रोमन नाणं चेहऱ्यावरून ओळखायला जाऊ नका

अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटी आणि न्यूयॉर्क विद्यापीठ यांचं ओसीआरई ('ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर') हे संकेतस्थळ मोफत आहे. इ.स.पू. ३१ ते इ.स. ४९१ या काळातल्या रोमन साम्राज्याच्या नाण्यांचे ४० हजारांहून जास्त छाप, म्हणजे चित्र आणि अक्षरांचे ठरावीक नमुने, त्यात आहेत. क्रमांक 'आरआयसी' ('रोमन इम्पीरियल कॉइनेज') या दहा खंडी छापील सूचीचेच. बऱ्याच छापांखाली संग्रहालयांतल्या नाण्यांचे फोटो, वजन आणि व्यासही मिळतात. नवख्या माणसाच्या हाती यापेक्षा चांगलं साधन नाही. फक्त सुरुवात कुठून करायची ते कळायला हवं.

सम्राटांच्या चेहऱ्यांवरून शोधायची सोय बघून सगळे आधी तिथेच जातात. नीरो किंवा व्हेस्पेशियन असेल तर ठीक, पण बाजारात स्वस्तात मिळतात ती चौथ्या शतकातली तांब्याची नाणी. त्यांवर बाप-लेकांचे चेहरे सारखेच दिसतात. म्हणून नाणं उलटं करा.

समजा, मागे दोन शिपाई आणि मधे ध्वजदंड आहेत. हा 'ग्लोरिया एक्सर्किटुस', सैन्याचा गौरव. दंड दोन असतील तर साधारण ३३० ते ३३५, वजन अडीच ग्रॅमच्या आसपास. एकच असेल तर त्यानंतरचं, दोन ग्रॅमहून हलकं. आता चित्राखालच्या आडव्या रेघेच्या खाली बघा. दिवा डावीकडून तिरपा धरला की झिजलेली अक्षरंही सावलीने उठून दिसतात. 'एसएमटीएसबी' असेल तर 'एसएम' म्हणजे पवित्र टांकसाळ, 'टीएस' म्हणजे ग्रीसमधलं थेस्सलोनिका शहर आणि 'बी' म्हणजे तिथला दुसरा कारखाना. मग दर्शनी बाजू वाचा : नावापुढे 'मॅक्स ऑग' असेल तर थोरला सम्राट कॉन्स्टंटाइन, 'युन नोब सी' असेल तर त्याचा त्याच नावाचा मुलगा.

शोधताना टांकसाळ, नाव आणि नाण्याच्या मागच्या बाजूवरचा एक स्पष्ट शब्द, एवढंच भरा. सगळे रकाने भरले आणि एक अक्षर चुकलं की हाती काहीच लागत नाही. 'यू'च्या जागी 'व्ही' टाका. चलनाच्या नावाचा रकाना मोकळाच राहू द्या. या तांब्याच्या नाण्यांची त्या काळची नावं अभ्यासकांनाही पक्की ठाऊक नाहीत.

अक्षरं दिसत नाहीत म्हणून चिंच-लिंबाने घासू नका. हिरवट थर निघाला की त्यातच टिकलेली अक्षरंही जातात.

नाण्यावरची अक्षरं ग्रीक असतील तर ते प्रांतिक नाणं, ते इथे शोधू नका. त्यासाठी आरपीसी ('रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज') ऑनलाइन हे संकेतस्थळ आहे. सम्राटांआधीच्या प्रजासत्ताक काळासाठी सीआरआरओ ('कॉइनेज ऑफ द रोमन रिपब्लिक ऑनलाइन'). ऑगस्टस-टायबेरियसच्या दिनारांच्या (चांदीच्या रोमन नाण्यांच्या) भारतात पाडलेल्या नकलाही इथे सापडणार नाहीत. आणि छाप जुळला म्हणजे नाणं अस्सल, असं मुळीच नाही.

वहीत क्रमांक टांकसाळीसकट लिहा. आरआयसीच्या सातव्या खंडात (थोरल्या कॉन्स्टंटाइनच्या काळाचा) प्रत्येक टांकसाळीचे क्रमांक १ पासून सुरू होतात. नुसता आकडा लिहिलात तर पुढे तुम्हालाच तो छाप सापडणार नाही.