बुलडॉग्ज की टायगर्स: संघ निवडण्याआधी बचाव बघा

सिडनीच्या पश्चिमेला वेस्टमीड, वेंटवर्थविल, पॅरामॅटा या पट्ट्यात मराठी घरं बरीच आहेत. मुलं शाळेत रुळली की घरात एक प्रश्न हमखास येतो: रग्बी लीगमध्ये, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायच्या इथल्या खेळात, आपला संघ कोणता? जवळचा संघ म्हणून पॅरामॅटा ईल्स हे सरळ उत्तर आहे, आणि ज्यांना ते पटतं त्यांनी खुशाल तिकडे जावं. ज्यांचं मन कॅन्टरबरी बुलडॉग्ज आणि वेस्ट्स टायगर्स या दोघांत अडकलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. दोन्ही संघ गेल्या काही वर्षांत सपाटून हरले आहेत. पण दोघांच्या हरण्याची कारणं वेगळी होती, आणि निवड करायची तर ती कारणंच बघायला हवीत.

रग्बी लीगच्या 2023 च्या मोसमातली 18 वी फेरी घ्या. 1 जुलैला टाउन्सव्हिलमध्ये नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइजनी टायगर्सना 74-0 असं लोळवलं. दुसऱ्याच दिवशी न्यूकॅसल नाइट्सनी बुलडॉग्जची 66-0 अशी तीच गत केली. नुसते आकडे पाहिले तर दोघं एकाच माळेचे मणी वाटतात. पण मोसमभराचा हिशेब वेगळं सांगतो. 24 सामन्यांत बुलडॉग्जनी तब्बल 769 गुण दिले, म्हणजे सामन्यामागे 32. टायगर्सनी दिले 675. बचाव टायगर्सचा बरा होता, तरी ते 4 विजयांसह 17 व्या, म्हणजे अगदी शेवटच्या स्थानावर राहिले आणि बुलडॉग्ज 7 विजय मिळवून 15 वे आले. कारण टायगर्सना गुण करताच येत नव्हते. त्यांच्या एकूण 385 गुणांपैकी 66 तर एकाच दुपारी लाइकहार्ट ओव्हलवर आले होते, तेही याच काउबॉइजविरुद्ध, टाउन्सव्हिलच्या फक्त सहा आठवडे आधी. ते वगळले तर उरलेल्या सामन्यांत सरासरी 14 च्या आत येते. सामन्यामागे 28 गुण देणाऱ्या संघाचं 14 वर भागत नाही.

इथे खेळाची रचना समजून घेतली पाहिजे, नाहीतर बचाव आणि आक्रमण ही दोन वेगळी खाती आहेत असा गैरसमज होतो. चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडणं म्हणजे टॅकल, आणि प्रत्येक संघाला सहा टॅकलपर्यंत चेंडू मिळतो. पाच टॅकल नीट खेळून शेवटी लांब किक मारली, तर प्रतिस्पर्ध्याला त्याच्या स्वतःच्या गोलरेषेजवळून सुरुवात करावी लागते. पण दुसऱ्याच टॅकलला चेंडू हातातून सुटला, तर समोरच्याला ताजे सहा टॅकल मिळतात, तेही आपल्याच अंगणात. प्रत्येक टॅकलनंतर बचावाच्या अख्ख्या फळीला 10 मीटर मागे पळत जाऊन पुन्हा पुढे यायचं असतं. असं लागोपाठ तीन-चार वेळा झालं की पायातला जोर जातो, आणि मग स्वतःचा चेंडू मिळाल्यावर धावायला कोणी उरत नाही. म्हणून धावफलकावर जे बचावाचं अपयश दिसतं, त्याचं मूळ बरेचदा दहा मिनिटांपूर्वीच्या आक्रमणातल्या चुकीत असतं. टायगर्सच्या बाबतीत हे वारंवार झालं.

बुलडॉग्जचं दुखणं कडेला होतं. त्यांच्या गोलरेषेपासून 10 मीटरवर चेंडू आहे, प्रतिस्पर्ध्याचा हाफबॅक (आक्रमण चालवणारा) उजवीकडे सरकतो, त्याच्या पुढून एक धिप्पाड फॉरवर्ड सरळ धावत येतो आणि त्या फॉरवर्डच्या पाठीमागून फुलबॅक (एरवी सर्वांत मागे उभा राहणारा) वळसा घालतो. बुलडॉग्जच्या सेंटरने (कडेच्या आतला बचावपटू) हुलकावणी म्हणून धावत आलेल्या फॉरवर्डवर झडप घालायची की मागून येणाऱ्यासाठी थांबायचं, हे त्याला एका श्वासात ठरवावं लागतं. त्याने जे ठरवलं तेच शेजारच्या विंगरनेही (अगदी कडेचा खेळाडू) त्याच क्षणी ठरवलं पाहिजे. एक आत घुसला आणि दुसरा बाहेरच थांबला की मधल्या फटीतून ट्राय गेलीच, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवलेच. कबड्डीत साखळीतला एकाचा हात सुटला की चढाईपटू जसा मध्यरेषा गाठतो, तसंच हे. ताकद असूनही उपयोग नसतो, एकमेकांवरचा भरवसा लागतो. 2023 मध्ये बुलडॉग्जचा तो भरवसा पार मोडला होता.

तो त्यांनी एका वर्षात पुन्हा उभा केला, आणि हे काम मला फार मोलाचं वाटतं. प्रशिक्षक कॅमरन सिराल्डो पेनरिथहून आले होते. तिथे साहाय्यक म्हणून बचाव हाच त्यांचा प्रांत होता. 2024 साठी त्यांनी पेनरिथचाच स्टीफन क्रायटन आणला आणि त्याला कर्णधार केलं. हा सेंटर वर म्हटलेला तो एका श्वासातला निर्णय बहुतेक वेळा बरोबर घेतो. सोबत कर्ट मॅन, जेमन सॅमन, कॉनर ट्रेसी असे कुठल्याही जागी उभे राहणारे, पळायला न कंटाळणारे खेळाडू घेतले. मोठमोठ्या देहाच्या फॉरवर्डचा भरणा नव्हता. त्याऐवजी फळी वेगाने पुढे यायची, आणि कोणी फळी फोडलीच तर तीन-चार जण मागे वळून त्याला गाठायचे. सामन्यामागे 32 गुण देणारा संघ 18 वर आला, सहावा राहिला आणि मॅन्लीकडून 24-22 असा निसटता हरून बाद फेरीतून बाहेर पडला. आक्रमण फार दिमाखदार नव्हतं. मॅट बर्टनच्या आभाळाला भिडणाऱ्या किक सोडल्या तर आठवणीत राहावं असं त्यात फारसं नव्हतं. पण संघ तगून राहायला शिकला.

टायगर्सनी दुसरी वाट धरली, आणि ती त्यांच्या स्वभावातच आहे. 2005 च्या अंतिम सामन्यात बेंजी मार्शलने आपल्याच हद्दीतून मुसंडी मारली आणि न बघता पाठीमागून पॅट रिचर्ड्सकडे पास टाकला. त्या ट्रायवर या क्लबचा जीव आहे. काउबॉइजविरुद्धची ती 30-16 ची जीत हे त्यांचं एकमेव विजेतेपद. 2011 नंतर ते बाद फेरीत पोहोचलेले नाहीत. 2022, 2023, 2024 अशी सलग तीन वर्षं तळाला राहिल्यावर, स्वतः मार्शल प्रशिक्षक असताना, त्यांनी पेनरिथच्या जरोम लुआईला 2025 पासून आणलं. फुलबॅकला जारीम बुला, हुकरला (टॅकलनंतर चेंडू पहिला हाती घेणारा) अपी कोरोइसाउ आणि मधे लुआई: चेंडू हाताळणारा कणा आधी घडवायचा, बाकीचं मागाहून. 2025 मध्ये त्यांनी तळ सोडला. माझ्या मते ही वाट अवघड आहे, कारण कणा बाजारातून विकत घ्यावा लागतो, आणि विकत घेतलेलं किंवा घरी वाढवलेलं कधीही निघून जाऊ शकतं. लॅकलन गॅल्विन हा त्यांनीच पुढे आणलेला तरुण, 2025 च्या भर मोसमात गेला, तोही बुलडॉग्जकडे.

गॅल्विनच्या येण्याने बुलडॉग्जसमोरही तोच आक्रमणाचा प्रश्न उभा राहिला. टोबी सेक्स्टन हाफबॅक असताना संघ गुणतक्त्यात वर होता. त्याच्या जागी गॅल्विनला आणलं. मोसमाअखेर तिसरं स्थान मिळालं, पण बाद फेरीत मेलबर्नकडून 26-18 आणि पेनरिथकडून 46-26 असे लागोपाठ दोन पराभव पदरी पडले. एका हंगामाच्या मध्यावर सुकाणू बदलणं मला पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण गॅल्विनचं वय बघता दोन वर्षांनी हाच निर्णय शहाणपणाचा ठरू शकतो.

मग घ्यायचं कोणाला? तुम्हाला सामना शेवटच्या मिनिटापर्यंत जिवंत राहायला हवा असेल, मुलाला टॅकल, शिस्त आणि चुकल्यावर मागे पळत जाणं दाखवायचं असेल, तर बुलडॉग्ज घ्या. होमबुशचं ॲकॉर स्टेडियम ट्रेनने गाठता येतं आणि ढोल बजावणारे त्यांचे लेबनीज चाहते पाहिले की आपल्याला परकं वाटत नाही. माझं मत त्यांच्याच बाजूने आहे, कारण घट्ट बचावाच्या संघाला आक्रमण शिकवणं उलट क्रमापेक्षा सोपं जातं.

टायगर्स त्याच माणसाने घ्यावेत ज्याची पुढची दोन-तीन वर्षं थांबायची तयारी आहे. त्यांचे सामने लाइकहार्ट, कॅम्पबेलटाउन आणि पॅरामॅटा असे विखुरलेले असतात, त्यामुळे वर्षाचं सदस्यत्व घेण्याआधी वेळापत्रक बघा. शक्य असेल तर आधी लाइकहार्टच्या हिरवळीवर बसून एक सामना बघा, आणि बघताना नजर चेंडूवर न ठेवता बचावाच्या फळीतल्या कडेच्या दोघांवर ठेवा. ते दोघं एकाच वेळी पुढे सरकताना दिसले, तर सदस्यत्व घ्यायला हरकत नाही.