फिफो की भारित सरासरी? सूतगिरणीच्या हिशेबातून

प्रोसेस कॉस्टिंगमध्ये, म्हणजे सलग प्रक्रियेतून निघणाऱ्या मालाच्या हिशेबात, किलोमागचा खर्च काढण्याच्या फिफो (आधी आलेला माल आधी बाहेर) आणि भारित सरासरी या दोन्ही पद्धती आपल्या लेखा मानक २ ला (साठ्याचं मूल्यांकन) मान्य आहेत. फरक पडतो तो फक्त १ तारखेला यंत्रांवर असलेल्या अर्धवट मालामुळे.

समजा, गिरणीत सुरुवातीला ४०० किलो माल यंत्रांवर आहे. त्यातला कापूस १५० रुपये किलोचा आणि रूपांतराचं काम, म्हणजे मजुरी, वीज वगैरे, निम्मं झालेलं. महिन्यात १६० रुपयांचा १६०० किलो कापूस आत गेला. १८०० किलो सूत निघालं, २०० किलो निम्म्यावर राहिलं. रूपांतर दोन्ही महिने ४० रुपयांनी धरू, वेस्ट सोडून देऊ.

फिफो फक्त या महिन्याचं काम मोजतं. कापसाची समतुल्य एककं, म्हणजे अर्धवट काम पूर्ण किलोंच्या हिशेबात मांडून येणारा आकडा, १६००. रूपांतराची: जुन्या ४०० चं उरलेलं निम्मं काम २००, पूर्ण नवे १४००, शेवटच्या मालाचे १००, एकूण १७००. किलोला १६० अधिक ४०, म्हणजे २०० रुपये. नवशिके इथेच चुकतात: जुने ४०० पूर्ण धरतात आणि दर खोटाच स्वस्त दिसतो.

सरासरीत मागचा खर्च आताच्या खर्चात मिसळतो. कापसाची २००० एककं, रूपांतराची १९००, दर १५८ अधिक ४०, म्हणजे १९८. शेवटच्या अर्धवट मालाची किंमत फिफोने ३६,००० रुपये, सरासरीने ३५,६००.

चारशे रुपयांसाठी कोणी पद्धत बदलणार नाही. पण कापूस १० रुपयांनी महागला, हे फिफोच्या दरात पूर्ण दिसतं, सरासरीत आठच रुपये दिसतात. दरमहा सुताचा भाव ठरवणाऱ्याला हे कळायलाच हवं, म्हणून भाव हलत असतील आणि यंत्रांवर बराच माल राहत असेल तर मी फिफोच घेईन. मात्र त्यासाठी सुरुवातीचा माल किती टक्के झालाय हे खात्रीने माहीत हवं. कार्डिंगपासून (कापूस विंचरणं) रिंग फ्रेमपर्यंत (सूत कातणं) ते कोणी नीट मोजत नसेल, तर अंदाजाच्या टक्क्यांवर उभ्या फिफोपेक्षा सरासरी प्रामाणिक, कारण तिला तो आकडा लागतच नाही.

परीक्षेला बसणाऱ्यांनी प्रश्न नीट वाचावा. सुरुवातीच्या मालाचा खर्च कापूस, मजुरी असा वेगवेगळा दिलाय पण टक्केवारी नाही, तर सरासरी. टक्केवारी दिलीय आणि खर्चाचा एकच आकडा आहे, तर फिफो.