फुटलेल्या खिडकीला काच कोणती: साधी की टफन?

मार्चातल्या गारपिटीनं आमच्या ओसरीची खिडकी फोडली. साधी 4 मिलिमीटरची काच. विळ्यासारखे लांब तुकडे थेट गव्हाच्या पोत्यांपर्यंत उडाले. मोठे तुकडे गोणपाटानं धरून उचलले. चुरा मात्र झाडूला दाद देईना. आईनं कणकेचा ओला गोळा सारवलेल्या जमिनीवर दाबत फिरवला, तेव्हा कुठं कण निघाले. (तो गोळा लगेच पुरा, कोंबड्या टपलेल्याच असतात.)

साधी काच परत बसवणं सोपं. माप घेऊन तालुक्याला जा, दुकानदार तिथंच कापून देतो, संध्याकाळी बसलीही. स्वस्तही.

टफन काच 600 अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं झटकन थंड करतात. वरचा थर आवळलेला, आतला ताणलेला राहतो, म्हणून ती मार जास्त सोसते. फुटलीच तर मक्याच्या दाण्यांएवढे बोथट खडे होतात. पण एकदा तयार झाली की कापता येत नाही! माप पाव इंचानं चुकलं, की पैसे पाण्यात. क्वचित कुणी हात न लावताही फुटते. आत अडकलेला निकेल सल्फाइडचा कण हळूहळू फुगतो. शेजारी करणी म्हणतील, म्हणू द्या.

ओसरीत पोरं खेळतात, तिथं मी टफनच घेतली. देवघराच्या झरोक्याला साधी चालते. नागपूरहून काच यायला आठ दिवस लागले, तोवर खिडकीत युरियाचं पोतं फडफडत होतं.