जड तुरे, चिमुकला तंबू आणि यो-यो : काही महिन्यांच्या वापरानंतर

घरातल्या तंबूत वाढवलेल्या गांजाच्या जड फांद्यांना आधार देणाऱ्या ‘यो-यो’ नावाच्या चकत्यांबद्दल हे लिहितोय. पण आधी कायद्याचं बोलून घेतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी जर्मनीत राहतो. इथे १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला स्वतःपुरती गांजाची तीन झाडं घरात लावता येतात. मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवायची आणि पीक कुणाला द्यायचं नाही, विकायचं तर नाहीच. भारतात १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, त्यामुळे तिकडच्या वाचकांनी हे टोमॅटो, ढोबळी मिरची किंवा काकडीसाठी वाचावं. घरात, दिव्याखाली, दाटीवाटीत वाढवलेल्या कुठल्याही जड फांदीला हे लागू पडतं.

घरात झाडं वाढवायचा माझा कापडी तंबू ८० बाय ८० सेंटिमीटरचा, उंची १६०. अडगळीच्या खोलीत मावतो तेवढाच. त्यात तीन कापडी कुंड्या, वर एलईडी पॅनल, कोपऱ्यात पंखा आणि छताच्या दांडीला लटकवलेला, वास शोषणारा कोळशाचा फिल्टर. हात घालायला जागा फक्त पुढून, चेन उघडली की तेवढीच.

आता वस्तू. प्लॅस्टिकची हाताच्या पंजात मावेल एवढी चकती, आत स्प्रिंगवर गुंडाळलेली नायलॉनची दोरी, वरच्या बाजूला दांडीत अडकवायचा हूक आणि दोरीच्या टोकाला फांदीसाठी दुसरा. दुकानात ‘प्लांट यो-यो’ म्हणून मिळतात, दहा-दहाच्या पाकिटात. दोरी हवी तेवढी ओढायची, फांदीला लावायची, स्प्रिंग हलका ताण धरून ठेवते. फांदी वाढली की दोरी आपोआप आत जाते. निदान जाहिरातीत तरी असंच आहे.

या झाडाची अडचण अशी की फुलोऱ्याची वेळ आली आणि दिवा दिवसातून बारा तासांवर आणला की पहिले दोन-तीन आठवडे ते नुसतं उंच होतं. कधीकधी दुप्पट. घरात वारा नसल्यामुळे खोड बारीकच राहतं (पंखा चालू ठेवला की थोडं जाड होतं, पण शेतातल्यासारखं नाही). मग उंची थांबते आणि वजन शेंड्याला चढायला लागतं. शेवटच्या आठवड्यांत तुरे, म्हणजे शेंड्यावरचे फुलांचे गुच्छ, फुगतात, फांदी मात्र जाड होत नाही. ताज्या तुऱ्यात पाणीच जास्त असतं, वाळल्यावर साधारण चौथा-पाचवा हिस्सा उरतो. म्हणजे बरणीत पन्नास ग्रॅम दिसतात, तेव्हा फांद्यांनी दोन-अडीचशे ग्रॅम पेललेले असतात. गंमत म्हणजे घरात ठेवायची मर्यादाही पन्नास ग्रॅमचीच आहे, त्यामुळे मी कुंड्या लहान ठेवतो. तरी फांद्या वाकायच्या त्या वाकतातच.

वाकलेली फांदी शेजारच्या फांदीवर रेलते आणि खरा त्रास तिथे सुरू होतो. दोन तुरे एकमेकांना चिकटले की मधे ओल धरते, हवा फिरत नाही आणि करडी बुरशी शिरते. द्राक्षाच्या घडात शिरते तीच, बोट्रायटिस. बाहेरून तुरा छान दिसतो, फक्त एखादं बारीक पान वाळलेलं असतं. ते ओढलं की अलगद हातात येतं आणि आतला भाग तपकिरी, भुसभुशीत. त्यामुळे माझ्या लेखी आधाराचं काम फांदी मोडू न देणं एवढंच नाही, तुऱ्यांत बोटभर अंतर राखणं हे जास्त महत्त्वाचं.

इथे यो-योने मन जिंकलं, पण दुकानदार सांगतो त्या पद्धतीने लावून नव्हे. पाकिटावरच्या चित्रात सगळ्या चकत्या झाडाच्या बरोबर डोक्यावर दाखवल्या आहेत. छोट्या तंबूत डोक्यावर पॅनल असतं, तिथे अडकवायला जागाच नाही. जागा असली तरी सरळ वर ओढलेल्या फांद्या मधे गोळा होतात. मी चकत्या छताच्या चारी कडांच्या दांड्यांना लावल्या आणि प्रत्येक फांदी बाहेरच्या बाजूला तिरकी ओढली. मधला भाग मोकळा झाला. पंख्याचा वारा आता आरपार जातो, खालच्या तुऱ्यांनाही उजेड मिळतो. आर्द्रतेचा काटा रात्री पूर्वीएवढा चढत नाही.

नारायणगावकडे टोमॅटोला तार-काठी करतात, त्याचंच हे घरगुती रूप. तिकडे बांबूंवर तार ताणतात आणि झाड सुतळीने तारेला उचलून धरतात. मामांची टोमॅटोची शेती आहे. त्यांना फोनवर विचारलं, पीक कुठलं ते मोघमच ठेवलं. ते म्हणाले, ‘‘आरं, फास नको लावू. आठाचा वळसा दे. खोड फुगतं, सुतळी फुगत नाही.’’ हा सल्ला पाकिटावरच्या सगळ्या सूचनांपेक्षा कामाचा निघाला. यो-योचा खालचा हूक थेट फांदीला लावू नका. प्लॅस्टिकचा असला तरी कड धारदार असते आणि ताण सतत असतो. काही दिवसांत सालीवर खाच दिसते. जुन्या टी-शर्टची दोन बोटं रुंद पट्टी कापायची, फांदीभोवती सैल आठाचा वळसा द्यायचा आणि हूक त्या पट्टीत अडकवायचा. बांधायचं तुऱ्याच्या खाली, जिथून उपफांदी फुटते त्या पेराच्या वर. टोकाशी बांधलं तर तुराच धनुष्यासारखा वाकतो.

आता तक्रारी. स्प्रिंग फार स्वस्त मालाची आहे. सुरुवातीला ताण इतका की कोवळी फांदी उचलून पॅनलच्या दिशेने नेते, आणि वजन वाढल्यावर, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, दोरी हळूहळू बाहेर सरकते. पहिल्या पाकिटातल्या चकत्यांना दोरी जागच्या जागी रोखून धरायचा खटकाच नव्हता. एक उघडून पाहिली. आत पोलादी पट्टीची गुंडाळी, तिचं आतलं टोक एका प्लॅस्टिकच्या खुंटीत खोवलेलं, आणि खुंटी झिजून टोक निसटलेलं. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं की ‘वापरामुळे झालेली झीज’ हमीत बसत नाही. वापरायला नाही तर कशाला घेतल्या होत्या, देव जाणे. नाव सांगत नाही, कारण हाच माल पाच-सहा नावांनी विकला जातो. नंतर खटका असलेल्या घेतल्या. त्या सरकत नाहीत. फांदी वाढेल तशी दोरी आत ओढायचं काम हाताने करावं लागतं, पण ते मला चालतं.

वरच्या धातूच्या हुकांना दमट हवेने गंज चढतो. कामात अडथळा नाही, दिसायला वाईट.

दुसरे पर्याय वापरून पाहिलेत. रबरी दोरीची चौकोनी जाळी मोठ्या खोलीत उत्तम असेल, फांद्या एका उंचीवर येतात हे खरंच. पण माझ्या तंबूत तिने उभ्या दांड्या आत ओढल्या, आणि फांद्या जाळीतून वर आल्या की झाड जागचं हलवताच येत नाही. मागच्या कुंडीला पाणी घालायचं, खालची पिवळी पानं काढायची, बुरशी लागलेला तुरा कापायचा, तर सगळं आडवं पडून. यो-योचा सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे : चार हूक सोडले की कुंडी बाहेर घेता येते, काम झालं की परत आत. ज्यांच्या जागेला एकच दार आहे त्यांना या एका गोष्टीसाठी मी यो-योच सुचवेन.

बांबूच्या काठ्या अजून ठेवल्या आहेत, कुंडीमागे एक, मुख्य खोडासाठी. कापडी कुंडीतली माती हलकी असते, काठी कलते. ती रोप लहान असतानाच खोवायची, नंतर खोवली तर मुळं तुटतात. बाजूच्या फांद्यांसाठी काठ्यांचं जंगल करू नये, तंबूत डोळ्यात जायची भीती असते.

तर हिशेब असा : मधल्या खोडाला काठी, बाजूच्या फांद्यांना कडेच्या दांडीवरून खटक्याचे यो-यो, जाळी नको. छताच्या दांडीवर किती भार चालतो ते तंबूच्या कागदावर लिहिलेलं असतं. त्यातून पॅनल आणि फिल्टरचं वजन वजा करून मगच फांद्या टांगा. कापणी झाली की चकत्यांवर चिकट राळ बसलेली असते. साबणाने जात नाही, स्पिरिटच्या बोळ्याने लगेच निघते. टी-शर्टच्या पट्ट्या मात्र धुवत बसू नका, सरळ फेकून द्या.